बायकोला शारजात नोकरी, मग माझं काय?

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. मी देवगड तालुक्यातला, बंदरालगतच्या गावचा. वय 33. दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं आणि गेली बारा वर्षं ट्रॉलर आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. घरची हापूसची साठेक कलमं आहेत. पत्नी एम.ए., बी.एड. असून तालुक्यातल्याच एका हायस्कूलात इंग्रजी शिकवते. तिला शारजातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेतून बोलावणं आलंय. एप्रिलला रुजू व्हायचंय, पगार 4,500 दिरहम, घर आपलं आपण बघायचं. तिची एक मैत्रीण थायलंडात शिकवते, ती म्हणते इकडे या.

माझी अडचण अशी, की इंग्रजी मला वाचता येतं, थोडंफार समजतं, पण समोरचा बोलायला लागला की तोंडाला कुलूप. मी तिच्याबरोबर गेलो तर मला काम मिळेल का? की घरात बसून राहायचं? वाडीत आत्ताच सुरू झालंय, 'बायलेच्या जीवार चल्लो.' आईला एकटं ठेवून जायचं, तर तिकडे हाताला काहीतरी हवं.

— एक वाचक, देवगड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, ह्यांना ऐकू जाईल असं. कारण 1998 साली हाच प्रश्न आमच्या घरात होता.

मी तेव्हा रत्नागिरीत इंग्रजी शिकवत होते आणि हे मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर सांभाळत होते. शारजातल्या शाळेत माझी निवड झाली. बाईने नवऱ्याला आपल्या व्हिसावर बोलवायचं तर तेव्हा शिक्षिका, डॉक्टर असा ठरावीक पेशा लागायचा. त्यात मी बसले, हे आले. पण येऊन काय, तर नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला कामाचं परमिट मिळायचं आणि बायकोच्या व्हिसावर आलेल्या पुरुषाला मिळायचं नाही. हे आठ महिने घरात होते. मी अडीचला शाळेतून यायची तेव्हा भात झालेला असायचा, मासे तळलेले असायचे आणि हे गॅलरीत उभे राहून समोरच्या गच्चीवरचे एसी बघत असायचे. 'तिसऱ्याचं बेअरिंग गेलंय,' म्हणायचे, 'इथपर्यंत ऐकू येतं.' ज्याच्या हातात कसब आहे त्याला रिकामं बसवलं की काय होतं ते मी त्या आठ महिन्यांत पाहिलं. म्हणून तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

तुमच्यासाठी चांगली गोष्ट ही, की तो नियम आता राहिलेला नाही. शारजा ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीने 2019 साली तो बदलला. कुटुंबाच्या व्हिसावर राहणाऱ्या पुरुषालाही आता कंपनी कामाचं परमिट काढून नोकरीवर ठेवू शकते, व्हिसा बायकोचाच राहतो. बायकोने नवऱ्याला बोलवण्यासाठी पूर्वी जो पेशा बघायचे, तिथे आता मिळकत बघतात. किमान 4,000 दिरहम पगार, किंवा 3,000 आणि राहायची सोय. तुमच्या पत्नीचे 4,500 आहेत, म्हणजे त्या बसतात. पण हा आकडा करारावर छापलेला हवा. तोंडी 'साडेचार देऊ' आणि कागदावर अडीच हजार मूळ पगार, बाकी 'नंतर बघू', असं असेल तर सही करण्याआधी शाळेला विचारा.

आता इंग्रजीचं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे जरा अधिकाराने सांगते. तुम्हाला ज्या इंग्रजीची भीती वाटतेय ते माझ्या वर्गातलं इंग्रजी आहे. तुमच्या कामाला ते लागत नाही.

ह्यांची मुलाखत मी विसरले नाही. मासळीचं एक शीतगृह होतं, तिथला व्यवस्थापक केरळचा. ह्यांचं हिंदी रत्नागिरी वळणाचं, इंग्रजी शून्य. मी आदल्या रात्री चार वाक्यं पाठ करून घेतली होती, नाव, गाव, अनुभव, आभार. व्यवस्थापकाने नावसुद्धा विचारलं नाही. थेट कॉम्प्रेसरच्या खोलीत नेलं आणि हिंदीत म्हणाला, बघ जरा, आठवडाभर आवाज करतोय. ह्यांनी तिथलाच एक लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक बेअरिंगच्या टोपणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग पाइपावर हात ठेवला. गॅस परत येणाऱ्या पाइपावर थेट कॉम्प्रेसरपर्यंत हिव जमलं होतं. 'बेअरिंग ठीक आहे,' म्हणाले, 'लिक्विड बॅक मारतंय, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बघा.' व्यवस्थापकाने वाक्यातलं मराठी सोडून दिलं आणि बाकीचं त्याला कळलं. पाठ केलेली चार वाक्यं ह्यांनी घरी येऊन मला म्हणून दाखवली, कारण तिथे कुणी मागितलीच नव्हती.

तुमचंही तेच आहे. बंदरावर तुम्ही दिवसभर काय बोलता ते आठवा. हेड उतरवलं, गॅस्केट गेलंय, नोझल टेस्टिंगला पाठवले, पिस्टन रिंग बदलल्या, शाफ्टची अलाइनमेंट केली. निम्मी वाक्यं इंग्रजीच आहेत. तिकडच्या गॅरेजात आणि गोदीत कामाची बोली बरीचशी हिंदी-उर्दू असते, मल्याळम कानावर पडतं. हिंदी तुम्हाला येतं, पण आपल्याकडे हिंदी बोलताना आपण लाजतो. ती लाज आधी सोडा. तिकडे पहिल्या दिवसापासून कामाला येईल ते हिंदी.

इंग्रजी लागेल ते तीन ठिकाणी. सुरक्षेच्या पाट्या आणि सूचना, इंजिनाचं मॅन्युअल आणि कामाची नोंद. तुम्ही वाचू शकता म्हणताय, म्हणजे पहिल्या दोन जागा निम्म्या जिंकल्यात. नोंदीसाठी एक करा. रोज संध्याकाळी हात धुतल्यावर फोनमध्ये सहा वाक्यं बोलून ठेवा, आज कुठलं इंजिन, काय तक्रार, काय उघडलं, काय सापडलं, काय बदललं, आता कसं चालतंय. चुकलं तर चुकू द्या. आठवड्याने जुनं ऐका. वर्गात मी मुलांना हे फार उशिरा करायला लावलं, त्याची मला खंत आहे, कारण ज्याचं तोंड बंद असतं त्याला व्याकरण देऊन काही होत नाही, स्वतःचा आवाज ऐकवून होतं. आणि कृपा करून हे बायकोकडून तपासून घेऊ नका. मी ह्यांना शिकवायचा प्रयत्न केला आणि दोन महिने घरात वर्ग भरला. नवऱ्याला मान खाली घालून बसलेला विद्यार्थी करून ठेवणं मला अजून टोचतं. पत्नीला सांगा, तू फक्त ऐक, सुधारू नकोस.

काम कुठे मिळेल? शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात डिझेल इंजिनांची आणि जनरेटरची गॅरेजं रांगेने आहेत. हमरियाला बंदर आणि बोटबांधणी आहे. दुबईत अल जद्दाफला जहाजदुरुस्तीच्या गोद्या आहेत. खाडीतल्या धाऊंना, म्हणजे लाकडी गलबतांना, आजही डिझेल इंजिनं आहेत आणि ती आपल्या ट्रॉलरइतकीच बिघडतात. फक्त एवढं लक्षात ठेवा, की फ्री झोनमधल्या, म्हणजे स्वतःचे वेगळे नियम असलेल्या औद्योगिक क्षेत्रातल्या, कंपनीचं परमिट त्या झोनचं प्राधिकरण देतं, बाहेरच्या कंपनीचं तिथलं कामगार मंत्रालय. काम एकच असलं तरी कागद वेगळा.

उन्हाचंही सांगते. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे. यावरून ऊन किती असेल ते समजा. आपला घाम खारा वारा वाळवतो, तिथे तो अंगावर राहतो.

नोकरी ठरली की ऑफर लेटर हिंदीत मागा. मंत्रालयाची ऑफर लेटरं अरबी-इंग्रजीबरोबर हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ अशा भाषांत मिळतात. मराठीत नाही, पण हिंदीत तुम्हाला ओळ न् ओळ कळेल. परमिटचा आणि नेमणुकीचा खर्च कायद्याने कंपनीचा. पगार बँकेतून येतो का विचारा, 2009 पासून तशी पद्धत तिथे आहे. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं बेकायदा आहे. कुणी 'सगळ्यांचे आमच्याकडेच असतात' म्हणालं तरी द्यायचा नाही.

एक निर्णय मात्र तुमचा तुम्हाला घ्यावा लागेल. पत्नीच्या व्हिसावर राहून परमिटवर काम करायचं, की कंपनीचा व्हिसा घ्यायचा? ह्यांना कंपनीचाच घ्यावा लागला, पर्याय नव्हता. मी तुमच्या जागी असते तर पहिली दोन वर्षं पत्नीच्या व्हिसावर काढली असती. नोकरी पटली नाही तर राहण्याचा हक्क जात नाही. उलट बाजू ही, की पत्नीची नोकरी गेली तर दोघांचं राहणं एकदम अडचणीत येतं. शाळेत दुसरं वर्ष पार पडलं की पुन्हा विचार करा. आरोग्यविम्याचा खर्च कोण करणार, हेही दोन्ही वाटांवर वेगळं पडतं, ते आधी विचारून घ्या.

व्हिजिट व्हिसावर जाऊन 'आधी कामाला लागू, कागद मागाहून' हे चुकूनही करू नका. 2024 च्या कायद्याने परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्याला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. एवढा दंड असताना जो तुम्हाला तसा ठेवतो, तो उद्या ओळखही दाखवणार नाही. माझ्या पुतण्याकडून मुंबईतल्या एका एजंटाने सव्वा लाख घेतले होते आणि हातात ठेवला व्हिजिट व्हिसा. दोन महिन्यांनी परत आला. वहिनीचा हार गहाण होता तो सुटायला तीन वर्षं लागली. तुम्हाला खरं म्हणजे एजंट लागतच नाही, तुम्ही पत्नीबरोबर राहायला जाताय आणि काम तिथे जाऊन शोधणार आहात. तरीही कुणी दारात आलाच तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याची नोंदणी बघा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि जीएसटी घेता येतो, वर एक पैसा नाही, आणि पावतीशिवाय तोही द्यायचा नाही. दहावी झालेली असल्याने तुमच्या पासपोर्टावर 'ईसीआर'चा, म्हणजे नोकरीला बाहेर जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते असा, शेरा नसायला हवा. जुना पासपोर्ट असेल तर उघडून बघा.

आता कागद, आणि इथे माझं जरा लांबेल.

माझ्या पासपोर्टावर माहेरचं नाव होतं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, आणि ह्यांच्या आडनावाचं स्पेलिंग दाखल्यावर एक नि पासपोर्टावर दुसरं. एका अक्षराचा फरक. ज्या कार्यालयाने दाखला दिला तिथे मी पाच वेळा गेले. साहेब रजेवर, शिक्का मुंबईला, रजिस्टर सापडत नाही. कोकण रेल्वे त्याच वर्षी जानेवारीत पूर्ण सुरू झाली होती, म्हणून रात्री बसून सकाळी मुंबईत उतरायचं हे तरी जमत होतं, नाहीतर एसटीने हाडं खिळखिळी झाली असती. शेवटी प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, नवा दाखला. ह्यांचं येणं त्यापायी चार महिने लांबलं. तेव्हा आज रात्री पाच कागद ओळीने मांडा. दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, तुमचं दहावीचं प्रमाणपत्र, आयटीआयचं प्रमाणपत्र. प्रत्येकावरचं नाव बोट ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. मग साक्षांकन. अमिरातीसाठी आधी राज्य सरकार, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. पत्नीचे कागद शाळा मागेल म्हणून त्यांचे होतील. त्याच फेरीत तुमचे करून घ्या. पुष्कळ जण इथेच चुकतात. ज्याला नोकरी आहे त्याचे कागद पक्के होतात आणि बरोबर जाणाऱ्याचे 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणून पिशवीत राहतात.

सहावा कागद तुम्हाला बनवावा लागेल. बारा वर्षांच्या कामाचा तुमच्याकडे एकही पुरावा नसणार, कारण बंदरावर कोण पावती देतो? मच्छिमार सोसायटीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या. तीन-चार बोटमालकांकडून सहीनिशी घ्या, कुठल्या कंपनीचं किती सिलिंडरचं इंजिन तुम्ही उघडून पुन्हा बांधलंत ते त्यात यावं. आणि फोटो काढा. इंजिन खोललेलं, भाग ताडपत्रीवर क्रमाने मांडलेले, मग बांधलेलं. मेकॅनिकला ओळखायला दुसऱ्या मेकॅनिकला असा एक फोटो पुरतो.

कधी जायचं? एप्रिलला दोघांनी एकदम निघू नका. पत्नीला जाऊ द्या. त्यांचा प्रोबेशनचा काळ कायद्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, तो पार पडू दे. तुमचा एप्रिल-मे आंब्याचा आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, म्हणजे इंजिनकामाचा तुमचा खरा हंगाम. तो सोडून शारजाच्या जूनमध्ये काम शोधायला कशाला जायचं? जुलै-ऑगस्टला तिथल्या शाळांना सुट्टी असते, पत्नी घरी येतील. राहिलेले कागद तेव्हा पुरे करा. नारळीपौर्णिमा होऊन बोटी पाण्यात गेल्या, तुमची उधारी वसूल झाली, की ऑक्टोबरात निघा. तेव्हा तिकडची हवा माणसाला काम करू देते.

कलमं विकायचा विचार पत्रात नाही, पण कुणीतरी सुचवेल. विकू नका. हंगामापुरती कराराने द्या, आणि करार लेखी करा. त्यात कल्टार, म्हणजे मोहोर आणायला मुळाशी घालतात ते औषध, किती आणि कुठल्या झाडांना घालायचं ते लिहून घ्या. दोन वर्षांसाठी घेणारा माणूस झाडाकडून दोन वर्षांचंच पीक बघतो. आमच्या मावसभावाची बाग अशी पिळून निघाली, परतल्यावर फांद्या सुकलेल्या. आईंना बागेच्या पैशाचा हिशेब त्यांच्या हातात, त्यांच्या खात्यात येऊ दे. आणि रात्री कोण त्यांच्या सोबतीला येणार ते आताच ठरवा, शेजारची मुलगी, बहीण, कुणीही, पण नाव ठरलेलं असावं. मी सासूबाईंच्या बाबतीत 'सगळे आहेत की' म्हणून निघाले होते. सगळे म्हणजे कुणीच नव्हतं.

थायलंडचं थोडक्यात सांगते. तिथे शिक्षिकेच्या जोडीदाराला राहता येतं, पण त्या राहण्यावर नोकरी करता येत नाही, स्वतःचा कामाचा व्हिसा आणि परमिट लागतं. एका परदेशी माणसामागे कंपनीला साधारण चार थाई माणसं नोकरीला दाखवावी लागतात. गाडी चालवणं, दुकानात विक्री, केस कापणं, पर्यटकांना फिरवणं ही कामं थाई लोकांसाठी राखलेली आहेत. आणि कामाची भाषा थाई, हिंदीचा आधार नाही. तुमच्यासारख्याला शारजा बरं. पुढे कधी ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातल्या शाळेचं बोलावणं आलं तर तिथे कुशल कामगार व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला बहुतेक कुठलंही काम करता येतं. अमेरिकेत एक्सचेंज शिक्षक म्हणून गेलेल्याच्या जोडीदाराला वेगळा अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक वेळी पगाराआधी हे विचारा.

वाडीतल्या बोलण्याबद्दल. ह्यांनाही ऐकावं लागलं, आणि ह्यांनी ते कधी मला सांगितलं नाही, मला ते सासरच्या एका लग्नात कळलं. तुम्ही ते मला लिहिलंत. पत्नीलाही सांगा. त्या तिकडे एकट्या पुढे जाणार आहेत, आणि आपल्यामुळे नवऱ्याला कोण काय म्हणतंय हे त्यांना तिसऱ्याकडून कळू नये. तुम्ही बारा वर्षं बंदरावर स्वतःच्या हाताने घर चालवलंय. पत्नीच्या व्हिसावर जाणं ही पहिल्या दोन वर्षांची व्यवस्था आहे. ह्यांनी पुढे त्याच शीतगृहात बारा वर्षं काढली, हाताखाली नऊ माणसं होती, आणि 2012 ला आम्ही परत आलो तेव्हा गच्चीवरची खोली बांधली ती ह्यांच्या ग्रॅच्युइटीतून.

प्रश्न : माझे मिस्टर इंग्रजी शिकवायला जपानला चाललेत, एका कंपनीमार्फत, तिथल्या सरकारी शाळांत. मी बारावी. इंग्रजी बेताचं, जपानी अजिबात नाही. इथे बचत गटातून कोकम, आमसुलं, फणसाची साठं करते. तिकडे मला काही काम करता येईल?

— एक वाचक, दापोली

उत्तर : येईल, मर्यादेत. तुम्हाला जो कुटुंबाचा व्हिसा मिळेल त्यावर आपोआप काम करता येत नाही. तिथे पोहोचल्यावर इमिग्रेशन कार्यालयात वेगळी परवानगी मागायची. ती मिळाली की रहिवासी कार्डाच्या मागच्या बाजूला तसा शिक्का येतो आणि आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं. एकाच ठिकाणी किंवा दोन ठिकाणी मिळून, पण एकूण 28. वरचे तास मालक 'चालतंय' म्हणाला तरी करू नका, पुढे व्हिसा वाढवताना ते तुमच्याच अंगावर येतं.

तुमच्या मिस्टरांची भाषा तिथे त्यांच्या वर्गापुरती. तुम्हाला इंग्रजी येत नाही ही तिथे उणीव नाहीच, शेजारणीलाही येत नसेल. तुम्हाला जपानी लागेल. सुरुवातीला डबे भरण्याचे कारखाने, हॉटेलांची साफसफाई अशी कामं कमी बोलून जमतात. सुपरमार्केटमध्ये मासळी साफ करून कापून मांडायचा विभाग असतो. दापोलीच्या बाईने मासळीला हात लावला की शिकवणाऱ्याला कळेल. भाषा थोडी आली, की 2019 पासून 'विशेष कौशल्य' म्हणून जो वेगळा व्हिसा निघालाय तो बघा. त्यात खाद्यपदार्थ बनवण्याचं क्षेत्र आहे आणि पूर्ण वेळ काम करता येतं. त्यासाठी कौशल्याची परीक्षा आणि जपानीची साधारण एन-फोर, म्हणजे खालून दुसरी, पातळी लागते.

जपानी भाषेची परीक्षा आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरात होते, मुंबई-पुण्यात केंद्रं आहेत. पहिली पातळी एन-फाइव्ह, ती जायच्या आधी द्या. हिरागाना ही त्यांची पहिली अक्षरं 46 आहेत. तक्ता छापून आणा आणि चुलीसमोरच्या भिंतीवर लावा, आमसुलं उलटताना दिवसाला चार-पाच होतात. मिस्टरांनाही तुमच्याबरोबर म्हणू द्या, त्यांनाही येत नसतील.